डोंग्याच्या काठावरचे दोन ठोके

डॉक्टर कीर्ती आमच्या गावात पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी बायकांना तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, बसवलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "पिशवीचं ऑपरेशन झालेल्या किती जणी आहात?"

एकवीस हात वर गेले. आमचं गाव दिघोरीच्या पलीकडे, दीडशे घरांचं. त्यातली साठ घरं आम्हा धिवरांची, तलावात मासे धरणारांची आणि शिंगाडे लावणारांची. डॉक्टरबाईंनी हात दोनदा मोजले.

"गर्भाशय काढल्यावर नवऱ्याजवळ जावंसं वाटतं का? गेल्यावर अंगात काय होतं?"

सगळ्या जणी पदर तोंडाशी नेऊन पाण्याकडे बघू लागल्या. केशरबाई माझ्या शेजारी बसली होती. गप्प राहणं तिला जमत नाही.

"म्याडम, आमच्या अंगात काई होत नाही. कंबर तेवढी दुखते."

बायका हसल्या. डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. तेव्हाच मला वाटलं, या बाईचं काम बघण्यासारखं आहे.

मग त्यांनी सांगितलं. पुरुषाला इच्छा झाली की दिसतं. बाईला जे होतं ते आत होतं. रक्त तिकडे धाव घेतं, आतली कातडी गरम होते, ओल सुटते. दिसत नाही म्हणून फारसं कुणी मोजत नाही. लाखो बायकांच्या पिशव्या काढल्या, पण त्यानंतर हे रक्त येतं की नाही, हे त्या बायकांना विचारणारे फार थोडे. "मी मोजणार आहे," त्या म्हणाल्या.

"कायनं मोजता? पायलीनं?" केशरबाईने विचारलं.

या वेळी डॉक्टरबाई हसल्या.

मी लिहायला-वाचायला पन्नासाव्या वर्षी शिकले, गावातल्या साक्षरता वर्गात. त्यामुळे संमतीचा कागद बायकांना वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. डॉक्टरबाईंच्या सोबत अड्याळची ममता नावाची नर्स होती. ती म्हणाली, "मावशी, तुमी वाचा. माह्यापेक्षा तुमच्यावर त्यायचा भरवसा आहे." कागद चार पानी होता. मी बोट ठेवून एकेक ओळ वाचली. एका ठिकाणी लिहिलं होतं की तुम्ही कधीही, मध्येच, नाही म्हणू शकता, तुम्हाला कारण विचारलं जाणार नाही.

"पुन्हा वाच व ते," केशरबाई म्हणाली.

मी पुन्हा वाचलं.

"असं तर आजपर्यंत कोनीच लिहून नाही देल्लं," ती म्हणाली आणि तिने अंगठा उठवला.

चौदा जणी तयार झाल्या. पंधरावी मी असणार नव्हते. माझं काम फक्त वाचून दाखवण्याचं होतं. पण मला एक गोष्ट जाणून घ्यायची होती, आणि ती विचारायला दुसरी जागा नव्हती.

माझी पिशवी पस्तिसाव्या वर्षी काढली. रक्त थांबत नव्हतं. टाके काढायच्या दिवशी दवाखान्यातले डॉक्टर माझ्या खांद्यावर थोपटून म्हणाले, "बाई, आता तुमचं सगळं संपलं. सुखानं राहा." त्यांना काय म्हणायचं होतं हे मी विचारलं नाही. मी घरी आले आणि संपलेल्या बाईसारखी राहिले. मुरारी, माझे मालक, एका बाजूला झोपत आणि मी सासूच्या बाजूला. सासू गेल्यावर तिची जागा मोकळी झाली, तरी मी तिथेच झोपत राहिले. ऑपरेशनला सव्वीस वर्षं झाली. इतकी वर्षं मी मनाशी एकच धरून होते, की डॉक्टरांनी ते कापून काढलं. पण कधीकधी वाटायचं, खरंच काढलं का? की ते आत आहे आणि मीच दार लावून घेतलं आहे?

म्हणून मी पंधरावी झाले.

लाखांदूरला डॉक्टरबाईंनी दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. एका खोलीत झुकती खुर्ची, पांघरूण, पडदा. दुसरीत कॉम्प्युटर. दर खेपेला जीपमधून तीन-तीन बायका जायच्या. मीच त्यांना घेऊन जायचे, म्हणून सगळा प्रकार मला पाठ झाला. बोटाएवढी, काचेसारखी आरपार दिसणारी नळी असते. औषधाच्या पाण्यात बुडवून स्वच्छ केलेली. पडद्याआड आपण स्वतःच ती आत ठेवायची, दुसरं कुणी हात लावत नाही. नळीत बारीक दिवा असतो. तिथे रक्त जास्त आलं की दिव्याचा उजेड वेगळा परततो, आणि पलीकडे कॉम्प्युटरवर रेघ चढते. हातात एक छोटा दांडा देतात. मनाला काही वाटलं तर तो पुढे ढकलायचा. म्हणजे अंग काय म्हणतं ते रेघ सांगणार आणि मन काय म्हणतं ते दांडा.

कानावर हेडफोन लावतात. आधी चार मिनिटं तलावाच्या पाण्याचा आवाज, मग सहा मिनिटं एक गोष्ट. पाणी कशासाठी, असं मी ममताला विचारलं.

"पान्यानं मन शांत होते, मावशी. रेघ खाली बसते. मग गोष्टीनं किती चढली ते समजते."

पाण्याचा आवाज डॉक्टरबाईंनी स्वतः आमच्याच तलावावर भरून घेतला होता. पहिल्या खेपेलाच, ऊन वर यायच्या आधी, गावातल्या लिलाधरच्या डोंग्यात, म्हणजे लाकडी होडीत, बसून त्या गेल्या होत्या. बायकांच्या रोजच्या कानावरचा आवाज, त्याने मन हलायचं कारण नाही, असा त्यांचा हिशेब होता.

गोष्ट मात्र शहरातली होती. डोंगरावरचं हॉटेल, नवरा-बायको, खोलीभर गुलाबाची फुलं, मेणबत्त्या. नवरा बायकोच्या केसांतून हात फिरवतो वगैरे. एक बाई हळू आवाजात वाचत होती. परतीच्या वाटेवर जीपमध्ये केशरबाईने सगळ्यांच्या वतीने निकाल दिला.

"एवढी फुलं कायले आनली? मले वाटलं कोनी मेलं."

"अन् लाइट असून मेनबत्त्या?"

"तो माणूस बोलते किती! माह्या नवऱ्यानं एवढं बोललं असतं तर मी मनली असती, आधी पानी पी."

"तुमचा दांडा हलला का?" पुढच्या सीटवरून ममताने विचारलं.

"दांडा?" केशरबाई म्हणाली. "मी तर त्याले दाबून धरला होता. चुकून हलन मनून."

माझी पाळी शेवटची होती. मी खुर्चीत टेकले, पांघरूण घेतलं, दांडा हातात धरला. हेडफोनमध्ये पाणी सुरू झालं. वल्हं पाण्यात शिरल्याचा आवाज, डोंग्याच्या पोटाखाली पाणी घासल्याचा. एखादी पाणकोंबडी. मला बरं वाटत होतं, एवढंच. आणि मग एकदम, ठक ठक. वल्हं डोंग्याच्या काठावर दोनदा आपटलं. माझी मान आपोआप एका बाजूला वळली. डोळे मिटलेले असूनही वळली. त्यानंतर गोष्ट लागली आणि मी फुलं मोजत बसले. दांडा मी हलवला नाही. हलवण्यासारखं काही झालं असं मला त्या वेळी वाटलं नाही.

दोन दिवसांनी मी संमतीचे कागद घ्यायला गेले तर डॉक्टरबाई कॉम्प्युटरपुढे डोकं धरून बसल्या होत्या. ममता नळ्या पेटीत भरत होती.

"काय झालं?" मी विचारलं.

"मशीन बिघडलं, मावशी," ममता म्हणाली.

डॉक्टरबाईंनी मला जवळ बोलावलं. पडद्यावर रेघा होत्या, एकाखाली एक पंधरा. "हे बघा सखाबाई. तुमच्या तलावाचा आवाज भरून घेतल्यावर आधी आंधळगावला मी चाळीस विणकर बायकांवर हेच काम केलं. हेच मशीन, हेच पाणी, हीच गोष्ट. तिथे पाण्यावर सगळ्यांच्या रेघा सपाट आहेत आणि गोष्टीवर कमी-जास्त चढल्या आहेत. तुमच्या गावात उलटं झालं आहे. गोष्टीवर पडल्या आणि पाण्यावर चढल्या. आणि सगळ्यांच्या एकाच वेळी चढल्या आहेत, एक मिनिट पन्नास सेकंदांवर. पंधरा बायकांचं अंग एकाच सेकंदाला जागं होतं, असं कसं होईल?"

"मग?"

"तिथे एक मोठा आवाज आहे, लाकडावर आपटल्याचा. त्या आवाजाची वीज नळीच्या वायरमध्ये शिरत असावी. आंधळगावहून येताना जीपच्या धक्क्यांनी काहीतरी सैल झालं असेल. नागपूरच्या इंजिनियरशी बोलले. तो म्हणतो, भरवसा नाही."

"यातली माही रेघ कोनती?"

त्यांनी जरा थांबून सर्वांत खालच्या रेघेवर बोट ठेवलं. त्यावर नाव नव्हतं, आकडा होता. एक मिनिट पन्नासपर्यंत ती सपाट होती. मग चढली, पावसाळ्यात पाळीकडे पाणी चढतं तशी, न थांबता. गोष्ट सुरू झाल्यावर हळूहळू उतरली.

"हे रक्त आहे?"

"मशीन बरोबर असेल तर रक्त. पण मशीनचा भरवसा नाही. म्हणून तुमच्या गावच्या पंधराही रेघा मला काढून टाकाव्या लागतील. परवा सामान हलवू."

"म्हणजे माही रेघ खोटी?"

"खोटी नाही म्हणत मी. पण खरी आहे असंही म्हणता येत नाही."

मला त्या दोन ठोक्यांबद्दल सगळं माहीत होतं. मी कागद घेतले आणि घरी निघाले.

केशरबाई ओट्यावर उकडलेले शिंगाडे सोलत बसली होती. मी तिच्यासमोर बसले आणि एक शिंगाडा उचलला.

"केशर, तुह्यी बी रेघ चढली. ठोक्यावर."

तिचा विळा थांबला. "कोन सांगतलं?"

"सगळ्यायची चढली. म्याडम मनते मशीन खराब आहे. सगळं फेकून देऊन राहिली."

"मग फेकू दे नं. बरं झालं."

"मले नाही बरं वाटत."

"तुले काहून एवढं?"

"मले जाणून घ्याचं आहे. सव्वीस वर्षं मी समजून राहिली का माह्यात काई उरलं नाही. ते रेघ खरी असन तर मग मी खोटी हो. मी म्याडमले ठोक्याचं सांगतो मनतो."

केशरबाईने इकडेतिकडे बघितलं. "डोकं फिरलं का तुहं? ते कोनी कोनाले सांगते का? तुह्या सासूनं तुले सांगतलं? माह्या मायनं मले सांगतलं? लिलाधरले समजलं तर तो डोंगा इकून टाकन."

"मनून तुले विचारून राहिली. तुमी नाही मनसाल तर नाही सांगत."

तिने तीन-चार शिंगाडे सोलले. सोललेले टोपलीत टाकायच्या ऐवजी सालांत टाकत होती.

"माह्यी किती चढली?" तिने खालच्या आवाजात विचारलं.

"मले का मालूम? नावं नाही लिवली तिथं."

"सगळ्यात वरची माह्यीच असन," ती म्हणाली. मग म्हणाली, "सांग. पन गावाचं नाव त्या कागदात नाही आलं पायजे. अन् माह्या नवऱ्याले तर बिलकुल नाही."

त्या दुपारी आम्ही दोघी घरोघर गेलो. दोघींनी आधी नाही म्हटलं, मग आपली रेघ बघायला मिळेल का असं विचारलं आणि हो म्हटलं. एकीने दार लावून घेतलं. तिची रेघ फेकून द्यायला सांगेन, असं मी दाराबाहेरूनच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी लाखांदूरला गेले. पेट्या बांधून झाल्या होत्या. मी डॉक्टरबाईंना बसायला सांगितलं, ममतालाही. आणि सांगताना मी भिंतीकडे बघत होते.

आमच्या घरांत एकच खोली असते. सासू-सासरे, दीर, पोरं सगळे तिथेच. नवरा-बायकोला एकटं राहायला जागा कुठे? मासे धरायला मात्र जोडीने जातात. तो वल्हं मारतो, ती जाळं उचलते. डोंगा हा एवढाच काय तो एकांत. तलावाच्या मधोमध बेशरमाची झाडी आहे, माणसाच्या वर वाढते. पहाटेची जाळी उचलून झाली की एखादा डोंगा त्या झाडीत शिरतो आणि थांबतो. मागून दुसरा डोंगा आला आणि त्याला तो दिसला, तर तो वल्हं काठावर दोनदा ठोकतो आणि तोंड फिरवून दुसरीकडे वळतो. कुणी कुणाला हे शिकवत नाही. मी लग्नाच्या आठव्या दिवशी झाडीच्या आत बसून ते ठोके पहिल्यांदा ऐकले. मी घाबरले होते. माझे मालक म्हणाले, आता कोणी येत नाही. आत बसलेल्यांना त्या ठोक्यांचा अर्थ तेवढाच. बाहेर आल्यावर त्याबद्दल कुणी बोलत नाही, हसतही नाही. बायका एकमेकींचं सगळं उकरून काढतात, पण हे नाही.

माझं सांगून झालं.

"लिलाधर मला म्हणाला होता," डॉक्टरबाई म्हणाल्या, "म्याडम तिकडं पाहू नका, साप आहे. आणि त्याने वल्हं आपटलं. मला वाटलं, सापाला पळवायला."

ममताने तोंडावर हात दाबला, पण हसू बाहेर आलंच. मग मलाही आलं.

डॉक्टरबाई मात्र उठून पेट्या सोडू लागल्या. त्यांचे प्रश्न थांबत नव्हते. झाडीत किती वेळ? ठोक्यानंतर की आधी? फक्त बाहेरच्याने ठोकायचं? म्हाताऱ्या जोड्याही जातात का? तुमच्यातल्या एका विधवेचीही रेघ चढली आहे, ती कशी? मला जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगितलं. विधवेचं मला सांगता आलं नाही. तिला स्वतःलाच विचारा म्हटलं, आणि तिने नाही म्हटलं तर कारण विचारू नका. त्यांनी मान हलवली आणि ते लिहून घेतलं.

"पण तुमच्या सांगण्यावरून मी हे खरं धरू शकत नाही," त्या म्हणाल्या. "राग मानू नका. तपासावं लागेल."

मला राग आला नव्हता. मलाही तपासूनच हवं होतं.

त्यांनी पाण्याच्या आवाजाचे तीन तुकडे तयार केले. एकात ठोके काढून टाकले. एकात ठोके तसेच ठेवले. एकात ठोक्यांच्या जागी सुताराच्या हातोडीचा तितकाच मोठा आवाज घातला. कोणता तुकडा कधी लागेल हे कॉम्प्युटर ठरवणार होता. ममतालाही माहीत नसणार, त्यांनाही नाही. वायर नागपूरहून नवी आली. पंधरांपैकी नऊ जणी पुन्हा यायला तयार झाल्या. केशरबाई पहिल्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसून गेली.

मी तीन वेगवेगळ्या दिवशी त्या खुर्चीत टेकले. पहिल्या दिवशी हातोडी वाजली आणि मी दचकले. दुसऱ्या दिवशी नुसतं पाणी होतं, वाट बघून बघून मला झोप आली. तिसऱ्या दिवशी ठोके. मान पुन्हा वळली. या वेळी मी लक्ष ठेवून होते, अंगात कुठे काय होतं ते बघत होते. आधी श्वास खाली उतरतो. मग पोटाच्या खाली काहीतरी जड आणि ऊबदार होतं, शेकोटीजवळून उठल्यावर लुगड्यात ऊब राहते तसं. हे मला आधीही झालं असणार, पण तेव्हा मी त्याला काही म्हटलंच नव्हतं. हातातला दांडा मी थोडा पुढे ढकलला. मग आणखी थोडा.

आठवड्याने डॉक्टरबाईंनी आम्हा नऊ जणींना रेघा दाखवल्या. हातोडीवर सपाट. नुसत्या पाण्यावर सपाट. ठोक्यांवर नऊपैकी आठ रेघा चढल्या होत्या.

"मशीन चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "रोजचा आवाज म्हणजे शांत आवाज, असं मी धरून चालले होते. चूक माझी होती."

"अन् ते फुलंवाली गोष्ट?" केशरबाईने विचारलं.

"तीही."

"दुसरी गोष्ट पायजे असन तर सांगा. मी सांगतो. पन ते ममता बाहेर बसन तर."

सगळ्या गेल्यावर मी मागे थांबले. माझा प्रश्न अजून राहिला होता.

"म्याडम, माह्यी पिशवी तर नाही. मग हे रक्त कुठून आलं?"

त्यांनी कागदावर चित्र काढलं. पिशवी, तिच्या खाली वाट, बाजूने शिरा आणि नसा. पेनने पिशवी खोडली. "हे काढलं तुमचं. हे बाकी सगळं आहे. जे चढतं ते या शिरांतून येतं. ऑपरेशनमध्ये काहींच्या नसा दुखावतात, त्यांचं कमी होतं. काहींचं दुखणं गेल्यामुळे उलट वाढतं. काहींना काहीच फरक पडत नाही. तुमच्यात ते येतं आहे, एवढं मी सांगू शकते."

"मंजे मले पायजे आहे असं?"

"ते मशीनला कळत नाही, मावशी. काही बायकांची रेघ चढते आणि त्यांना काहीच नको असतं. काहींना हवं असतं आणि रेघ हलत नाही. रेघ रक्ताची आहे. हवं की नको, ते ज्याचं त्याने सांगायचं."

मी ते चित्र मागून घेतलं. घडी घालून कमरेला खोचलं.

घरी आले तेव्हा दुपार होती. मुरारी दारात बसून फाटलेलं जाळं विणत होते. सदुसष्ट वर्षांचे आहेत, पण सुतळीची गाठ अजून चष्म्याशिवाय मारतात. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं, ठोक्यांपासून. बाहेर सांगितल्याचा त्यांना राग येईल असं मला वाटत होतं. गाठ मारता मारता ते ऐकत राहिले.

"लिलाधरले नको सांगू," एवढंच म्हणाले.

मी कागद काढून त्यांच्यापुढे ठेवला. हे काढलं, हे आहे, असं बोटाने दाखवलं. ते बराच वेळ चित्र बघत होते.

"मंजे तू चांगली आहेस? आतून?"

"हाव. तेव्हापासूनच चांगली होती मनते म्याडम."

त्यांनी सुतळी खाली ठेवली. "मंग ते परहेज कधीपर्यंत होतं?"

"कोनतं परहेज?"

"डॉक्टरनं सांगतलं होतं. तुह्ये टाके काढले त्या दिवशी. मले बाजूले घेऊन गेला अन् मनला, परहेज ठेवा, बाईजवळ जाऊ नका, आतले टाके तुटतील. कधीपर्यंत ते नाही सांगतलं. मी बी नाही विचारलं. लाज वाटली."

"अन् तुमी सव्वीस वर्षं..."

"तू मरशील मनून भेव वाटे," ते म्हणाले. "तू बी तिकडं तोंड करून झोपे. मले वाटलं, तुले मालूम आहे."

मला हसावं की ओरडावं ते कळेना. डॉक्टरबाईंच्या फॉर्मवर बत्तीस प्रश्न होते. नवऱ्याला कुणी काय सांगितलं, हा त्यांत नव्हता. उद्या जाऊन त्यांना सांगायचं असं मी ठरवलं. पण त्याआधी मला इथलंच पुष्कळ विचारायचं होतं.

"अजून काय काय विचाराचं राहिलं तुमचं?" मी म्हटलं.

त्यांनी जाळं गुंडाळून बाजूला सारलं. गल्लीत कुणी आहे का ते बघितलं.

"पयले दार लोट," ते म्हणाले.